कारभार आवरता घेताना

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळे गावाची ओळख बाहेरच्या माणसाला बहुधा दोन गोष्टींमुळे होते: एक तेथील विमानतळ, ज्याचा ताबा भारतीय तटरक्षक दलाकडे आहे, आणि दुसरी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत. या वसाहतीतील कारखाना लहान असो वा मोठा, त्याच्या दर्शनी भागात एक खोलीवजा कचेरी असते, तीत एखाददुसरा संगणक असतो आणि त्या संगणकापाशी बसणारा एक हिशेबनीस असतो. आणि मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर संध्याकाळी सहाच्या सुमारास ढग दाटून आले व दिवे एकदा लुकलुकले, की त्या हिशेबनिसाची जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते. पडद्यावर चार-पाच खिडक्या उघड्या असतात. एकीत दिवसभराची बिले, दुसरीत खतावणी, तिसरीत जीएसटीचा तक्ता, चौथीत छापावयास पाठवलेले चलन. आणि तो एकेका खिडकीच्या उजव्या कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारीत सुटतो. खिडक्या मिटतात, पडदा मोकळा होतो, आणि कारभार आटोपला अशी त्याची समजूत होते. ही समजूत कितपत रास्त आहे, आणि ती रास्त ठरावी म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पडद्याआड कोणती व्यवस्था लावून ठेवावी लागते, याचा थोडा खुलासा येथे करावयाचा आहे.

मुळात खिडकी वेगळी आणि प्रोग्रॅम वेगळा. प्रोग्रॅम चालू असतो म्हणजे त्याने संगणकाच्या स्मृतीतील काही जागा अडवलेली असते, हार्ड डिस्कवरील काही फायली ताब्यात घेतलेल्या असतात, सर्व्हरशी संधान बांधलेले असते, प्रिंटरकडे काही कामे सोपवलेली असतात, आणि या प्रत्येक कामाची तड लावण्यासाठी आत निरनिराळे धागे, ज्यांना संगणकवाले थ्रेड म्हणतात, राबत असतात. खिडक्या म्हणजे या सगळ्या खटाटोपाची लोकांना दिसणारी बाजू. तहसील कचेरीत अर्ज घेण्याची खिडकी संध्याकाळी बंद झाली म्हणून कचेरी बंद झाली असे कोणी म्हणत नाही. आत अजून रोजकीर्द जमवायची असते, शिल्लक मोजून तिजोरीत ठेवायची असते, दप्तर रुमालात बांधायचे असते, मोहोर कुलुपात जायची असते, आणि हे सर्व यथाक्रम उरकल्यावरच शिपाई दाराला कुलूप घालतो. प्रोग्रॅमच्या बाबतीत दर्शनी खिडकी आणि दाराचे कुलूप यांच्यामधला हा जो अवधी, तो सेकंदाच्या काही अंशांत संपत असल्यामुळे वापरणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. लक्षात येतो तो त्या अवधीत काही बिनसले तरच.

या आवराआवरीची गरज मुख्यतः वेगाच्या फरकामुळे पडते. स्मृतीत लिहिणे आणि डिस्कवर लिहिणे यांच्या वेगात जमीनअस्मानाचे अंतर असल्याने प्रत्येक प्रोग्रॅम लिहावयाचा मजकूर प्रथम स्वतःपाशी साठवतो. तो त्याने ऑपरेटिंग सिस्टीमच्या हवाली केला, तरी तीही आपल्या राखीव जागेत तो काही काळ ठेवून घेते. आणि तिने डिस्ककडे रवाना केला, तरी डिस्कच्या अंगी स्वतःची एक छोटी स्मृती असते व तीही सवडीनेच लिहिते. म्हणजे पडद्यावर दिसणारी रक्कम आणि डिस्कवर कायम झालेली रक्कम यांच्यामध्ये तीन मुक्काम आहेत. प्रोग्रॅम एकाएकी मारला गेला तर पहिल्या मुक्कामावरचा माल बुडतो, पण सिस्टीमच्या हाती पोचलेला सुखरूप राहतो. वीज गेली तर तिन्ही मुक्कामांवरचा बुडण्याचा संभव असतो. हा भेद पुष्कळ जाणत्या लोकांनाही ठाऊक नसतो आणि म्हणून ते ‘प्रोग्रॅम अडकला’ आणि ‘लाइट गेली’ या दोन आपत्तींना एकच औषध शोधीत बसतात.

ज्यांनी १९९० च्या आगेमागे संगणक हाताळला त्यांना या प्रकरणाचा पूर्वेतिहास आठवत असेल. त्या काळच्या डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम चालत असे, खिडक्यांचा प्रश्न नव्हता, आणि प्रोग्रॅममधून बाहेर पडून पडद्यावर सी-प्रॉम्प्ट आला की बटण बंद करण्यास हरकत नाही, असा दंडक लोकांच्या अंगवळणी पडला होता. १९९३ साली मायक्रोसॉफ्टने डॉसची ६.० ही आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यातील स्मार्टड्राइव्ह नावाचा मदतनीस लिहिण्याचा मजकूर स्मृतीत रोखून धरून मागाहून डिस्कवर उतरवू लागला. काम झपाट्याने होऊ लागले हे खरे, परंतु प्रॉम्प्ट दिसताच बटण दाबण्याची वर्षानुवर्षांची सवय असलेल्या लोकांचा मजकूर वाटेतच हरवू लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ६.२ या आवृत्तीत कंपनीने तोड काढली ती अशी, की रोखलेला मजकूर डिस्कवर उतरल्याखेरीज प्रॉम्प्ट पुन्हा दाखवायचाच नाही. माझ्या मते या लहानशा दुरुस्तीत मोठे शहाणपण आहे. माणसाची सवय बदलण्याचा हट्ट न धरता यंत्रानेच त्या सवयीला खरे करून दाखवले. आणि पुढील तीस वर्षांत चांगल्या प्रोग्रॅमकारांनी जे जे केले ते बहुतेक याच वळणाचे आहे.

पुढे ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले. कोपऱ्यातील ती प्रसिद्ध फुली तेव्हापासूनची. त्यापूर्वीच्या विंडोजमध्ये डाव्या कोपऱ्यातील चौकटीवर दोनदा टिचकी मारून खिडकी बंद करावी लागे. संगणक रीतसर बंद केल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत ‘आता संगणक बंद करण्यास धोका नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य झळके व मग माणसाने उठून बटण दाबायचे, अशी त्यात व्यवस्था होती. प्रोग्रॅमच्या आज्ञेने वीजपुरवठा तोडू शकणारी यंत्रे सार्वत्रिक झाली तसे ते वाक्य अस्तंगत झाले. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लक्षावधी लोक संगणक शिकले, त्यांना पहिल्याच आठवड्यात जो चमत्कार पचवावा लागला तो हा, की बंद करण्यासाठी प्रथम ‘स्टार्ट’ दाबावे लागते. असो.

आता मुख्य प्रकरण. विंडोजमध्ये फुलीवर टिचकी मारली म्हणजे खिडकी बंद होते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्या टिचकीने खिडकीकडे केवळ एक अर्ज दाखल होतो. विंडोजचा प्रत्येक प्रोग्रॅम हा आलेल्या संदेशांची रांग एकामागून एक निकालात काढणाऱ्या कारकुनासारखा अखंड फिरत असतो, आणि या रांगेत ‘डब्ल्यूएम-क्लोज’ नावाचा संदेश आला की त्याचे काय करायचे हे ठरवण्याचा संपूर्ण अखत्यार त्या प्रोग्रॅमला असतो. त्याने काहीच तजवीज केलेली नसली तर सिस्टीम आपल्या रिवाजाप्रमाणे खिडकी मोडून टाकते. तजवीज असली तर तो ‘बदल ठेवायचे काय?’ असे विचारू शकतो आणि उत्तर ‘रद्द करा’ असे आल्यास अर्ज चक्क दप्तरी दाखल करून स्वस्थ बसू शकतो. खिडकी खरोखर मोडली म्हणजे ‘डब्ल्यूएम-डिस्ट्रॉय’ हा दुसरा संदेश येतो, परंतु तो विनंतीचा नसून वर्दीचा असतो. त्या क्षणी ना विचारण्यात अर्थ, ना अडवण्यात. आणि सबंध प्रोग्रॅम आटोपण्याचा तिसरा संदेश, ‘डब्ल्यूएम-क्विट’, हा तर कोणत्याच खिडकीकडे जात नाही. तो त्या फिरत्या कारकुनालाच ‘आता पुरे’ म्हणून सांगतो आणि त्याचे फिरणे थांबते. विनंती, वर्दी आणि समाप्ती या तीन पायऱ्या वेगवेगळ्या आहेत, हे ज्याच्या मनात नीट ठसले नाही अशा नवख्याच्या हातून दोन ठरावीक चुका होतात. एक तर तो प्रत्येक खिडकीच्या वर्दीला समाप्तीचा हुकूम जोडतो, आणि मग हिशेबनिसाने खतावणीची एक बारीकशी खिडकी मिटली की बिलांसकट सारा प्रोग्रॅम गुंडाळला जातो. नाही तर तो हुकूम कोठेच जोडत नाही, आणि सर्व खिडक्या गेल्यावरही तो कारकून रिकाम्या कचेरीत फिरतच राहतो.

एकच खिडकी असती तर या चर्चेला फारसे कारण नव्हते. खिडक्या अनेक झाल्या की मात्र पहिला प्रश्न असा उभा राहतो, की कोणती खिडकी मिटल्यावर प्रोग्रॅम संपला असे धरायचे? मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ या साधनसंचात याची तीन उत्तरे प्रोग्रॅमकारापुढे ठेवलेली आहेत: शेवटची खिडकी गेली की संपला, मुख्य खिडकी गेली की संपला, किंवा स्पष्ट हुकूम होईपर्यंत संपायचेच नाही, आणि काही न सांगितल्यास यांतील पहिले उत्तर गृहीत धरले जाते. क्यूटी नावाच्या दुसऱ्या सुप्रसिद्ध साधनसंचाचाही स्वाभाविक कल शेवटच्या खिडकीकडेच आहे. जावाच्या स्विंगमध्ये याहून मौज आहे. तेथे फुली दाबल्यावर खिडकी, तुम्ही वेगळे सांगितले नसेल तर, नुसती लपते, मोडत नाही, आणि कित्येक विद्यार्थ्यांनी आपला पहिलावहिला प्रोग्रॅम ‘बंद’ केल्यावर तो तासन्‌तास अदृश्यपणे चालू ठेवलेला असतो. मॅकिंटॉशवाल्यांचा संप्रदाय आणखी निराळा. तेथे १९८४ पासून मेनूची पट्टी खिडकीला न चिकटता पडद्याच्या माथ्यावर असल्यामुळे सर्व खिडक्या मिटल्या तरी प्रोग्रॅमला आपले अस्तित्व मिरवायला जागा उरते. म्हणून शेवटची खिडकी मिटली तरी प्रोग्रॅम जिवंत राहणे हे तेथे शिष्टसंमत आहे, आणि तो संपवायचा तर कमांड आणि क्यू या कळा मुद्दाम दाबाव्या लागतात. विंडोजवर वाढलेल्या माणसाला हा आळस वाटतो आणि मॅकवाल्याला विंडोजची तऱ्हा उतावीळपणाची वाटते. माझ्या मते दोन्ही रीती आपापल्या घरात योग्य आहेत. पण हिशेबाच्या प्रोग्रॅमला मुख्य खिडकी एकच असावी व तिच्या जाण्याने सर्व जावे हेच इष्ट, कारण हिशेबनिसाला ‘मी बाहेर पडलो’ हे निःसंदिग्धपणे कळणे त्याच्या सोयीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. आपल्याकडील कारखान्यांच्या कचेऱ्यांत सर्रास आढळणारा टॅली हा प्रोग्रॅम एस्केपची कळ दाबीत एकेक पायरी मागे नेतो आणि अखेरीस ‘क्विट?’ असे विचारून होय-नाहीचा कौल घेतो. ही रीत जुनाट दिसली तरी तिच्यात संदेहाला जागा नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड आणि, मला विचाराल तर, या सबंध विषयाचा गाभा. समजा, पाच खिडक्या उघड्या आहेत, तीन खिडक्यांतील मजकूर अजून डिस्कवर गेलेला नाही, आणि हिशेबनिसाने ‘बाहेर पडा’ असे सांगितले. अडाणी प्रोग्रॅम पहिल्या खिडकीला विचारतो, तिचा निकाल लावून तिला मोडतो. दुसरीला विचारतो, तिला मोडतो. तिसरीपाशी येतो तेव्हा हिशेबनिसाला एकदम आठवते की या बिलावर गाडीचा नंबर घालायचा राहिला, आणि तो ‘रद्द करा’ असे उत्तर देतो. आता पाहा स्थिती काय झाली: बाहेर पडण्याचा बेत रद्द झाला, पण दोन खिडक्या तर गेल्या, त्यांपैकी एकीला त्याने ‘ठेवू नका’ असे सांगितले असेल तर तो मजकूरही गेला, आणि तोही अशा बाहेर पडण्याच्या नावाखाली की जे घडलेच नाही. याला कारभार म्हणत नाहीत. रीत अशी पाहिजे की पहिल्या फेरीत सर्व खिडक्यांना केवळ विचारावे, कोणालाही हात लावू नये; एकीनेही हरकत घेतली तर सगळा बेत तहकूब व्हावा आणि प्रत्येक खिडकी होती तशीच राहावी; आणि सर्वांची संमती मिळाल्यावरच दुसऱ्या फेरीत मोडतोडीला आरंभ व्हावा, जिच्यात मग कोणालाही विचारायचे नाही व कोणी अडवायचेही नाही. ‘ठेवा’ हे उत्तर पहिल्या फेरीतच अमलात आणले तरी चालते, कारण मजकूर जपून ठेवल्याने कोणाचे नुकसान होत नाही. ‘ठेवू नका’ हे उत्तर मात्र नुसते टिपून ठेवावे आणि त्याचा अंमल शेवटच्या संमतीनंतरच करावा. विंडोज फॉर्म्स या साधनसंचातील ‘अ‍ॅप्लिकेशन-एक्झिट’ हा हुकूम नेमका याच दोन फेऱ्यांचा आहे: तो प्रत्येक उघड्या खिडकीला ‘बंद होत आहे’ अशी सूचना देतो, एकीनेही नकार दिला तर काहीही न करता परत फिरतो, आणि कोणाचा नकार नसेल तरच ‘बंद झाली’ अशी दुसरी सूचना फिरवून सर्व मिटवतो. मोठ्या खिडकीच्या पोटात छोट्या खिडक्या असल्या तर प्रथम छोट्यांचा कौल घेतला जातो व मग मोठीचा, हाही विवेक त्यात आहे.

संमती आणि अंमल यांची अशी फारकत ही काही खिडक्यांच्या जगातली नवलाई नव्हे. निरनिराळ्या ठिकाणच्या संगणकांवर पसरलेल्या हिशेबात एकाच व्यवहाराची नोंद सर्वत्र व्हावी किंवा कोठेच होऊ नये, यासाठी हीच दोन टप्प्यांची पद्धत जिम ग्रे या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७८ सालच्या आपल्या प्रसिद्ध टिपणांत विवेचिली आहे. तेथे प्रश्न पैशाचा असल्यामुळे ती कसोशीने पाळली जाते. खिडक्यांच्या बाबतीत मजकूरच जातो ना, असे म्हणून तिची हेळसांड होते.

विचारण्याच्या रीतीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. ‘होय, नाही, रद्द’ अशी तीन बटणे समोर टाकून हो म्हटल्याने नक्की काय होणार हे वाचणाऱ्याच्या तर्कावर सोडणे ही विंडोजची जुनी खोड. मॅकने ‘ठेवा’, ‘ठेवू नका’ अशी क्रियापदेच बटणांवर लिहिली आणि अलीकडे वर्डसारख्या प्रोग्रॅमांनीही तो धडा गिरवला. त्याहून त्रासदायक प्रकार म्हणजे विचारणारी चौकट मागे दडणे. अशा चौकटीला मालक खिडकी नेमून दिली तर ती सदैव मालकाच्या पुढे राहते. नेमून दिली नाही तर ती दुसऱ्या खिडकीच्या आड जाऊ शकते, आणि मग पुढची खिडकी उत्तराच्या प्रतीक्षेत गोठून बसते. कचेरीत नवा लागलेला पोरगा अशा वेळी वैतागतो. “काका, फुली दाबून दाबून बोट दुखलं, हा हलायला तयार नाही.” “अरे, त्याने तुला काहीतरी विचारलंय ते मागे दडलंय. आल्ट धरून टॅब दाब बघू.” काकांना संगणकशास्त्र ठाऊक असतेच असे नाही, पण निदान अचूक असते. पोरगा एकटा असता तर त्याने यंत्राचे बटण चार सेकंद दाबून धरले असते आणि दिवसाची बिले त्या चार सेकंदांत गेली असती.

खिडक्या गेल्या तरी मागे काय काय उरू शकते, हे पाहण्यासाठी टास्क मॅनेजर उघडावा. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या व्यवस्थेत राबणारे धागे दोन जातींचे असतात. पार्श्वभूमीवरचे धागे प्रोग्रॅम संपला की मुकाट्याने संपतात, परंतु अग्रभागी म्हणून नोंदलेला एक धागा जरी काम करीत राहिला तरी सर्व खिडक्या मिटूनही प्रोग्रॅम जिवंत राहतो, फायली त्याच्या ताब्यात राहतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘ही फाइल अन्य कोणी वापरीत आहे’ असा निरोप येऊन माणूस चक्रावतो. वर्डमध्ये याचे एक पाहण्यासारखे चिन्ह आहे. कोणताही दस्तऐवज उघडला की वर्ड त्याच्या शेजारीच आणखी एक लपलेली फाइल निर्माण करतो. तिच्या नावाच्या आरंभी नागमोडी रेघ आणि डॉलरचे चिन्ह असते, ती जेमतेम १६२ बाइटची असते, आणि तिच्यात दस्तऐवज उघडणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. दस्तऐवज रीतसर मिटला की ती नाहीशी होते. वर्ड अवचित मेला तर ती तशीच पडून राहते, आणि कालांतराने लपलेल्या फायली पाहण्याची सोय चालू केली म्हणजे अशा बेवारस फायलींवरून त्या संगणकावर वर्डला किती वेळा अपमृत्यू आला याचा ढोबळ अंदाज बांधता येतो.

मराठी मजकूर टंकणाऱ्यांना याच्या उलट अनुभव आहे. पुण्याच्या सी-डॅकचा आयएसएम हा कळफलकाचा प्रोग्रॅम घड्याळापाशी एवढासा कोपरा अडवून बसे. त्याला स्वतःची म्हणावी अशी खिडकी जवळजवळ नसेच. खिडकी नाही म्हणून बिनकामाचा समजून कोणी तो बंद केला, की शेजारच्या वर्डमध्ये अर्धे वाक्य देवनागरीत आणि पुढले अर्धे इंग्रजी अक्षरांत उमटू लागे. ज्याला खिडकी नाही त्याच्यावर इतरांची भिस्त असू शकते.

मोडतोडीच्या दुसऱ्या फेरीत कोणता क्रम पाळावा, याचा नियम थोडक्यात सांगता येतो: जे सर्वांत शेवटी उघडले ते सर्वांत आधी मिटावे. नवी कामे घेणे प्रथम थांबवावे, ठरावीक वेळाने जागे होणारे घड्याळी हुकूम रद्द करावेत, राबणाऱ्या धाग्यांना थांबण्याचा इशारा देऊन ते खरोखर थांबेपर्यंत वाट पाहावी, मग साठलेला मजकूर डिस्कवर उतरवावा, मग सर्व्हरचे संधान सोडावे. धागा अजून लिहीत असताना त्याच्या हातची फाइल मिटली तर प्रोग्रॅम मरताना किंचाळतो, आणि ‘हा प्रोग्रॅम काम करीनासा झाला आहे’ अशी जी चौकट पुष्कळदा बाहेर पडतानाच दिसते तिचे मूळ अनेक वेळा याच क्रमभंगात सापडते. उलट, स्मृतीचा कणनकण परत करण्यात वेळ दवडणारे प्रोग्रॅमही असतात, आणि तो सोवळेपणा अनाठायी आहे. प्रोग्रॅम संपला की त्याची सगळी स्मृती सिस्टीम एकगठ्ठा काढून घेतेच.

आतापर्यंत बंद करण्याचा हुकूम माणसाकडून येतो असे धरून चाललो. तो सिस्टीमकडूनही येतो, आणि तिची सबुरी मोजकी असते. संगणक बंद होऊ लागला की विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमला प्रथम ‘सत्र संपवू काय?’ असे विचारते व मग ‘संपवीत आहे’ असे कळवते. या विचारण्याला पाच सेकंदांत उत्तर आले नाही तर तो प्रोग्रॅम निरुत्तर झाला असे धरले जाते. व्हिस्टापासून पुढे अशा अडून बसलेल्या प्रोग्रॅमांची यादी सबंध पडद्यावर दाखवून ‘तरीही बंद करू का?’ असा कौल माणसाला लावला जातो, आणि घरी जाण्याच्या घाईत असलेला माणूस काय उत्तर देतो हे सांगायला नको. लिनक्समध्ये आधी ‘सिगटर्म’ नावाचा इशारा जातो, जो प्रोग्रॅमला ऐकता येतो व त्यावर आवराआवर करता येते. सिस्टीमडी ही तेथील व्यवस्थापक यंत्रणा वेगळे काही सांगितले नसल्यास नव्वद सेकंद थांबते, आणि मग ‘सिगकिल’ सोडते, जो प्रोग्रॅमला ऐकूही येत नाही. तेथे दादफिर्याद नाही.

आणि या सर्वांच्या वर वीज. रत्नागिरी जिल्ह्याची या बाबतीतली तऱ्हा मासलेवाईक आहे: कोयनेच्या पाण्यावर याच जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात पोफळीला १९६२ पासून वीज निर्माण होते, आणि पावसाळ्यात एखादी फांदी तारेवर पडली की याच जिल्ह्यातील कचेऱ्या काळोखात बसतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनकडे जमीन गाठली तेव्हा जिल्ह्याच्या उत्तरेकडील मंडणगड-दापोली भागात खांब आडवे झाले. पुढल्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यास तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. अशा वेळी विनंती नसते, वर्दी नसते, दोन फेऱ्या नसतात. तेव्हा नीट बंद करण्याचे वर सांगितलेले सारे शास्त्र फुकट म्हणायचे काय? हा प्रश्न जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स या दोघा अभ्यासकांनी २००३ साली धीटपणे विचारला. त्यांचे म्हणणे असे, की अवचित मरण प्रत्येक प्रोग्रॅमला कधीतरी येणारच, आणि त्यातून उठून उभे राहण्याची व्यवस्था त्याला ठेवावीच लागणार. मग रीतसर बंद होण्याची दुसरी, निराळी वाट ठेवायची कशाला? मरण हीच बंद होण्याची एकमेव रीत ठेवा, म्हणजे उठण्याची वाट रोज वहिवाटीत राहील आणि आयत्या वेळी दगा देणार नाही.

मत टोकाचे आहे, परंतु जग त्याच दिशेने सरकत गेले आहे. मॅकने २०११ च्या लायन आवृत्तीपासून मजकूर आपोआप ठेवून देण्याची आणि पुन्हा उघडल्यावर खिडक्या होत्या तेथे मांडण्याची सोय केली. अँड्रॉइड फोनवर तर प्रोग्रॅमला ‘तू संपणार आहेस’ असा अखेरचा निरोप मिळेलच याची हमी सिस्टीम देत नाही. म्हणून शहाणा प्रोग्रॅम पडद्याआड जातानाच सर्व काही ठेवून देतो. डेटाबेसवाले तर प्रत्येक बदल मुख्य वहीत चढवण्याआधी एका कच्च्या कीर्दीत लिहितात, आणि मध्येच वीज गेली तर उठल्यावर त्या कीर्दीवरून अपुरे व्यवहार पुरे तरी करतात किंवा पुसून तरी टाकतात. ही कीर्द ज्यांच्यात तकलादू होती त्या जुन्या प्रोग्रॅमांची आठवण हिशेबनिसांना वेगळ्या नावाने आहे. टॅलीच्या मागील आवृत्त्यांत डेटा बिघडला की कंट्रोल, आल्ट आणि आर या तीन कळा एकत्र दाबून सारी वही नव्याने लिहून घ्यावी लागे, आणि वही मोठी असली तर ते लिहिणे संपेपर्यंत सगळी कचेरी हात बांधून बसे. तरीही माझे मत कँडिया-फॉक्स यांच्याशी सर्वस्वी जुळत नाही. मरणातून उठता येणे हे यंत्राचे सामर्थ्य झाले. परंतु ‘हे बिल ठेवायचे की नाही’ हा प्रश्न माणसाच्या इराद्याचा आहे आणि त्याचे उत्तर कोणत्याही कीर्दीत आधी लिहिलेले नसते. यंत्राने दोन्ही बाजू जपून ठेवाव्यात आणि माणूस परत आल्यावर विचारावे, एवढेच त्याला करता येते.

मिरजोळ्यासारख्या ठिकाणी व्यवहारतः काय करावे, हे सांगून थांबतो. बहुतेक कचेऱ्यांत यूपीएस असतो, आणि त्याची बॅटरी वीज गेल्यावर काही मिनिटांची सवड देते. पुष्कळ यूपीएसना संगणकाशी जोडण्याची यूएसबी वायर असते, जी खोक्यातच राहून जाते. ती जोडली की, यूपीएस त्या जातीचा असेल तर, विंडोज त्याला लॅपटॉपच्या बॅटरीप्रमाणे ओळखते, आणि बॅटरी अगदी खाली गेल्यावर काय करायचे हे सेटिंगमध्ये ठरवता येते. तेथे ‘शट डाउन’ ऐवजी ‘हायबरनेट’ निवडावे. शट डाउनमध्ये प्रत्येक खिडकीला विचारावे लागते आणि उत्तर द्यायला कोणी नसले तर नुकसान ठरलेले. हायबरनेट स्मृतीतील सगळा मजकूर जसाच्या तसा डिस्कवर उतरवून यंत्र बंद करते आणि कोणालाच काही विचारत नाही. मात्र दुसऱ्या संगणकावरच्या सामायिक वहीवर काम चालू असेल तर हा उपाय पुरा पडत नाही, कारण हा संगणक जागा होईपर्यंत सर्व्हरने ते संधान बहुधा तोडलेले असते व अर्धवट नोंद वाऱ्यावर जाते. म्हणून दिवे गेल्यावर मिळालेल्या त्या मिनिटांत सामायिक हिशेबाचा प्रोग्रॅम आधी हाताने, सर्व प्रश्नांची उत्तरे देऊन बंद करावा. बाकीच्या खिडक्या तशाच सोडल्या तरी चालतील.